टीव्हीतलं बोलणं कळलं पाहिजे!

मैत्रिणींनो, घरात नवा टीव्ही आला की पहिले चार दिवस नुसत्या कौतुकात जातात. चित्र काय सुरेख, रंग काय झकास! पाचव्या दिवशी सासूबाई विचारतात, "काय म्हणाली गं ती?" सहाव्या दिवशी मामंजी आवाज वाढवायला सांगतात. तो वाढवावा तर मध्येच जाहिरात लागते आणि शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत धडाडधूम ऐकू जातं. मग चिरंजीव म्हणतात, "आई, आपण होम थिएटरच आणू." होम थिएटर येतं. दुकानातला माणूस सहा ठिकाणी सहा डबे मांडतो, खिडक्यांच्या काचा थरथरतील असा दणका ऐकवतो, चहा घेतो आणि जातो. आणि संध्याकाळी मालिका लागली की सासूबाई पुन्हा विचारतात, "काय म्हणाली गं ती?"

हसू नका, पुष्कळ घरांतली ही गोष्ट आहे. त्याहून वाईट गोष्ट दुपारची. मुलगा कामावर गेलेला, सून बँकेत, आणि घरात दोन म्हातारी माणसं समोर तीन रिमोट घेऊन बसलेली. चित्र दिसतंय पण टीव्ही मुका! कारण आवाज त्या दुसऱ्या डब्यातून येतो आणि तो डबा कसा चालू करायचा हे फक्त चिरंजिवांना ठाऊक. एवढे पैसे खर्चून घरातल्याच माणसांना कुणाच्या तरी परतण्याची वाट पाहत बसावं लागत असेल, तर ती सोय कसली?

म्हणून आजच्या गप्पा टीव्हीचा आवाज बाहेरच्या स्पीकरना जोडण्याबद्दल. हे काम पुरुषांचं, आपल्याला त्यातलं काय कळतं, असं कृपा करून म्हणू नका. मिक्सर, प्रेशर कुकर, वॉशिंग मशीन चालवणाऱ्या बाईला दोन टोकांची एक वायर अवघड नाही. फक्त दोन कसोट्या मनाशी पक्क्या धरा. पहिली, बोलणं स्पष्ट कळलं पाहिजे. दुसरी, सारं एका रिमोटवर चाललं पाहिजे. दणका किती बसतो, ही कसोटी दुकानदाराची, आपली नव्हे.

बोलणं हरवतं कुठे?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्या काळातले टीव्ही आठवतात ना? लाकडी पेटी, पुढे सरकती दारं, आणि पडद्याच्या शेजारी किंवा खाली जाळीमागे चांगला वाटीएवढा स्पीकर, आपल्याकडे तोंड केलेला. १९८२ मध्ये रंग आले तरी पेटी जाडच होती. आताचे टीव्ही भिंतीवर टांगलेल्या पाटासारखे चपटे. त्यांत स्पीकर मावणार किती? ते बिचारे इवलेसे, आणि बहुधा खालच्या किंवा मागच्या बाजूला तोंड करून बसवलेले. आवाज आधी भिंतीवर नाहीतर टेबलावर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. बोलणाऱ्याने भिंतीकडे तोंड करून बोलावं, तशातलाच प्रकार.

दुसरी गोष्ट आपल्या कानांची. आपण बोलतो त्यात 'आ', 'ओ' हे स्वर जोरकस असतात. क, त, प, स, श ही व्यंजनं मात्र हलकी आणि पुष्कळशी वरच्या पट्टीतली. शब्द ओळखायला तीच लागतात. वय वाढलं की ऐकू येणं कमी होतं ते आधी याच वरच्या पट्टीत. म्हणून सासूबाईंना आवाज येतो पण शब्द कळत नाही. 'ताट' म्हटलं की 'पाट' हे कळायला मार्ग नाही! अशा वेळी नुसता आवाज वाढवून भागत नाही, कारण मागचं संगीतही तेवढंच वाढतं. बोलण्याचा आवाज तेवढा उठून यायला हवा, आणि ते काम होम थिएटर करू शकतं.

सहा डब्यांचं कुटुंब

खोक्यावर '५.१' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पाच स्पीकर आणि एक दणक्याचा डबा. पुढे डावा, उजवा आणि मधला; मागे डावा आणि उजवा; आणि तो सहावा सबवूफर. यातला मधला स्पीकर हा या कुटुंबातला कर्ता. माणसांचं बोलणं मुख्यतः त्याच्याकडे असतं. मागचे दोघे पाऊस, टाळ्या, रस्त्याची वर्दळ असली किरकोळ कामं करतात. सबवूफर म्हणजे फोडणीतला हिंग: आहे एवढं कळलं पाहिजे, पण डोक्यात जाता कामा नये. अनेक घरांत नेमकं उलट असतं. सबवूफर भर दिवाणखान्यात मानाने बसलेला आणि मधला स्पीकर शोकेसमध्ये फुलदाणीच्या मागे!

आधी टीव्हीची पाठ पाहा

खरेदीला जाण्यापूर्वी, किंवा घरचा जुना संच जोडण्यापूर्वी, टीव्हीच्या आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागचा फोटो मोबाइलवर काढा. मान वाकडी करून भिंतीच्या फटीत डोकावण्यापेक्षा हे सोपं. फोटो मोठा करून पाहिला की सॉकेटांवरची अक्षरं नीट वाचता येतात आणि दुकानातही दाखवता येतात. जोडणीचे चार मार्ग आहेत. वरून खाली या क्रमाने बघत या. जो पहिला जमेल तो आपला.

पहिला मार्ग, एचडीएमआय एआरसी. एचडीएमआयची चपटी सॉकेटं टीव्हीला दोन-तीन असतात. सेट-टॉप बॉक्सची वायर त्यांतल्याच एकात असते. त्यांपैकी एकावरच एआरसी किंवा ई-एआरसी अशी इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. बाकीच्या सॉकेटांतून चित्र आणि आवाज टीव्हीच्या आत येतात. या एकातून आवाज बाहेरही जातो. म्हणजे परतीची वाट तेवढी इथेच आहे. वायर शेजारच्या सॉकेटात गेली तर आवाज येणार नाही, आणि बहुतेक वेळा गडबड होते ती इथेच. दुसरं टोक अ‍ॅम्प्लिफायरच्या किंवा साउंडबारच्या एआरसी लिहिलेल्या सॉकेटात. गंमत म्हणजे तिथे पुष्कळदा 'आउट' असं लिहिलेलं असतं. बिचकू नका, तेच बरोबर. एआरसीची सोय २००९ मध्ये आली आणि तिची सुधारलेली आवृत्ती ई-एआरसी २०१७ मध्ये. त्यामुळे दहा वर्षांच्या आतल्या बहुतेक टीव्हींना ही सोय सापडेल. या मार्गाचा मोठा फायदा असा की टीव्हीच्याच रिमोटने स्पीकरचा आवाज कमी-जास्त होतो.

दुसरा मार्ग, ऑप्टिकल. यातून वीज नव्हे, उजेड जातो. पारदर्शक तंतूमधून लाल प्रकाशाच्या रूपाने आवाज पोहोचतो. तोशिबा कंपनीने ही जोडणी १९८३ मध्ये आणली आणि ती अजून उत्तम चालते. पाच स्पीकरांचा आवाज हिच्यातून व्यवस्थित जातो. मात्र नव्या वायरीच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकची बारीक टोपणं असतात, ती काढायला विसरू नका. ही वायर घडी घालून खिळ्याला गुंडाळायची नाही. आतला तंतू तुटतो. आणि या मार्गात टीव्हीच्या रिमोटने आवाज सहसा बदलत नाही, हे आधीच लक्षात घ्या.

तिसरा मार्ग, लाल-पांढरी पिन किंवा हेडफोनचं भोक. लाल म्हणजे उजवा, पांढरा म्हणजे डावा. इथून फक्त दोन बाजूंचा आवाज जातो, पाचांचा नाही. तरीही टीव्हीच्या इवल्या स्पीकरपेक्षा तो कितीतरी बरा. जुन्या संचांना हाच मार्ग असतो. टीव्हीला लाल-पांढरी सॉकेटं असतील तर तिथे 'आउट' लिहिलं आहे ना, हे बघून घ्या. 'इन' असेल तर ती आवाज आत घेणारी. तिथे लावून काहीच साधणार नाही.

चौथा मार्ग, ब्लूटूथ. वायरच नको, म्हणून मोह पडतो. पण आवाज हवेतून पोहोचायला किंचित उशीर होतो. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. गाणी ऐकायला चालेल; नाटक-सिनेमा पाहताना मात्र चीड येते. वायरची सोय असताना हा मार्ग धरू नये.

वायरवर फार खर्च करू नका. सोन्याचा मुलामा दिलेली, हजारोंची वायर घेतली तर आवाज गोड होतो, या बोलण्याला भुलू नये. एचडीएमआय आणि ऑप्टिकलमधून आवाज आकड्यांच्या रूपाने जातो. तो पोहोचतो किंवा तुटतो, अधिक गोड होत नाही. साधी पण धड वायर, लागेल त्याहून हातभर लांब, एवढं पुरे.

वायर लावली, आता तीन गोष्टी सांगायच्या

वायर लावून काम संपत नाही. टीव्हीलाही सांगावं लागतं. रिमोटवर सेटिंग उघडा आणि 'साउंड' या भागात जा.

एक: 'साउंड आउटपुट' मध्ये टीव्ही स्पीकरऐवजी एचडीएमआय किंवा ऑप्टिकल, जे जोडलं असेल ते निवडा. दोन्ही स्पीकर एकदम चालू ठेवले तर विहिरीत बोलल्यासारखा दुहेरी आवाज येतो.

दोन: 'डिजिटल साउंड' किंवा 'ऑडिओ फॉरमॅट' असं काहीतरी असेल. तिथे 'ऑटो' ठेवा. 'पीसीएम' असेल तर या वायरींतून दोनच बाजूंचा आवाज जातो आणि मागचे स्पीकर मुके राहतात. पण 'ऑटो' वर आवाजच आला नाही किंवा नुसती खरखर आली, तर 'पीसीएम' करा. समोरच्या डब्याला ती भाषा तरी नक्की कळते. सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्येही असाच पर्याय असतो, तोही पाहून घ्या.

तीन: एका रिमोटची सोय. तिचं नाव सीईसी. पण प्रत्येक कंपनीने बारसं वेगळं केलं आहे. सॅमसंगमध्ये अ‍ॅनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. एचडीएमआय एआरसीने जोडलं असेल तर हे चालू करा. मग टीव्ही लावला की डबाही जागा होतो, टीव्ही बंद केला की तोही झोपतो. हे एक बटण बहुतेक घरांत बंदच राहिलेलं असतं, आणि दुपारच्या मुक्या टीव्हीचं मूळ तिथेच आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या सेटिंगमध्येही सीईसी आणि एआरसी चालू आहेत ना, ते पाहावं.

बोलणं उचलून घ्या

आता खरी मेख. अ‍ॅम्प्लिफायरच्या रिमोटवर प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा बदलता येतो. त्यात 'सेंटर' तीन-चार पायऱ्या वर न्या आणि सबवूफर तेवढाच खाली आणा. एवढ्याने सासूबाईंचा प्रश्न पुष्कळ घरांत सुटतो. साउंडबारला बहुधा 'व्हॉइस', 'स्पीच' किंवा 'डायलॉग' असं बटण असतं, ते लावावं. 'नाइट मोड' असेल तर त्याने हळू बोलणं वर येतं आणि दणके खाली बसतात. नाव रात्रीचं असलं तरी दिवसाही लावायला हरकत नाही.

रोजच्या मालिका आणि बातम्या बहुधा दोनच बाजूंचा आवाज घेऊन येतात. त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरवर 'प्रो लॉजिक' किंवा 'डॉल्बी सराउंड' असा पर्याय असेल तर तो निवडा. तो दोन्ही बाजूंना सारखं असलेलं बोलणं वेचून मधल्या स्पीकरकडे देतो.

कोण कुठे बसणार

मधला स्पीकर टीव्हीच्या बरोबर खाली, कडेला आणून, तोंड आपल्या कानांकडे. तो फार खाली असेल तर पुढच्या बाजूला लाकडाची चकती देऊन किंचित वर तोंड करावं. डावा-उजवा टीव्हीपासून सारख्या अंतरावर, बसल्यावर कानाच्या उंचीला. मागचे दोन बैठकीच्या बाजूला, जरासे मागे, कानापेक्षा हात-दीड हात उंच. आपल्याकडे सोफा बहुधा भिंतीलाच टेकलेला असतो. मग ते दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लावा, डोक्यामागे नको. सबवूफर कोपऱ्यात कोंबू नका. कोपऱ्यात त्याचा घुमारा वाढतो आणि तो भिंतीतून शेजारी पोहोचतो. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. शेजारणीशी साखरेच्या वाटीचा व्यवहार टिकवायचा असेल तर नियम न वाचताही हे पाळावं!

स्पीकरच्या वायरी जोडताना आधी भिंतीवरचं बटण बंद. लाल लालला, काळी काळीला. एखादी उलट लागली तर काही बिघडत नाही, पण आवाज पोकळ येतो आणि कारण सापडत नाही. दोन उघड्या तारांची टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका; त्याने मात्र अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. वायरी सतरंजीखालून नेऊ नका, पायाखाली तुटतात. भिंतीच्या कडेने क्लिपा मारून न्याव्यात. प्रत्येक वायरच्या टोकाला कागदाची पट्टी चिकटवून त्यावर मराठीत लिहा: 'सेट-टॉप', 'टीव्हीचा आवाज', 'मागचा डावा'. रंगरंगोटीच्या किंवा दिवाळीच्या आवराआवरीत सारं सुटलं तरी दहा मिनिटांत पुन्हा लागेल. आणि हो, अ‍ॅम्प्लिफायरवर क्रोशाचा रुमाल नको! त्याला वरच्या जाळीतून श्वास घ्यायचा असतो. वीज कडाडू लागली की सगळे प्लग भिंतीतून काढा, सेट-टॉप बॉक्सची डिशकडची वायरसुद्धा.

मैत्रिणींच्या शंका

*आमच्याकडे डीव्हीडीसकट घेतलेला जुना होम थिएटर आहे. त्याला एचडीएमआय आहे, पण आवाज येत नाही.*

त्या काळातल्या पुष्कळ संचांचं एचडीएमआय फक्त सिनेमा टीव्हीकडे पाठवण्यासाठी असे. परतीची वाट त्यात नाही. मागे ऑप्टिकल किंवा 'ऑक्स' सॉकेट शोधा. टीव्हीला नुसतं ऑप्टिकल आणि संचाला नुसती लाल-पांढरी असेल, तर मध्ये लावायची एक लहान डबी मिळते, तिला डीएसी म्हणतात. काही शे रुपयांत काम होतं. मात्र तेव्हा टीव्हीवर 'पीसीएम' निवडावं, कारण या स्वस्त डब्यांना दुसरी भाषा कळत नाही. संच मोडीत काढायची घाई नको.

*ओठ आणि आवाज जुळत नाहीत. काय करावं?*

आवाज आधी येत असेल तर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये 'ऑडिओ डिले' किंवा 'लिप सिंक' थोडं वाढवा. आवाज मागून येत असेल तर ते शून्यावर आणा. ब्लूटूथ असेल तर वायर लावा.

*फक्त साउंडबार घेतला तर चालेल का?*

बैठकीची खोली दहा बाय बाराची असेल आणि मुख्यतः मालिका, बातम्या, कीर्तन पाहायचं असेल, तर खुशाल. पण मधला स्पीकर वेगळा असलेला, म्हणजे निदान '३.१' लिहिलेला आणि एआरसी असलेला घ्या. न वाजणारे सहा डबे पुसत बसण्यापेक्षा चांगला वाजणारा एक बरा.

आणि एक शेवटचं. सगळं नीट जोडूनही घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलणं कळत नसेल, तर दोष स्पीकरचा नाही. "किती मोठा आवाज लावता!" असं म्हणून रिमोट हातातून काढून घेऊ नका. ऐकू न येणारं माणूस हळूहळू बोलणंही सोडतं. पंगतीत बसून एकटं पडतं. त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे न्या. कधी नुसता मळ निघतो आणि काम होतं, कधी श्रवणयंत्र लागतं. तपासणीला काही दुखत-खुपत नाही. तोवर टीव्हीवर अक्षरं दाखवायची सोय असेल तर ती लावून द्या.

या रविवारी जेवणं झाली की टीव्हीच्या पाठीचा फोटो काढा, वायरींना पट्ट्या लावा आणि मग रिमोट सासूबाईंच्या हातात देऊन म्हणा, "तुम्हीच लावा बघू." त्यांनी एका बटणात लावला आणि मालिका संपेपर्यंत काही विचारलं नाही, तर जोडणी बरोबर झाली असं समजा. अडलं तर पत्र टाका; टीव्हीचं आणि अ‍ॅम्प्लिफायरचं मॉडेल मात्र न विसरता लिहा.

पुढच्या आठवड्यात फ्रिजच्या दाराचं रबर: ते ढिलं का पडतं, आणि घरच्या घरी काय करावं.